शेजारच्या सीटचं वजन

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी काटेसाहेबांनी गॅरेजचं दार उघडलं, गाडीवरची ताडपत्री ओढली आणि सलग पाच वेळा शिंकले. सव्वीस वर्षांची धूळ होती. मागे त्यांची बायको नाकाला रुमाल लावून उभी होती.

"बघा, धुगधुगी आहे का," ती म्हणाली.

गाडी काढायचा हट्ट तिचाच होता. लग्नानंतर वर्षभरात घेतलेली ती गाडी. ठेंगणी, उघड्या छपराची, दोनच सीटांची. आत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसायचं, आणि बसलं की वारा थेट तोंडावर. तेव्हा घरात धड पंखा नव्हता आणि दारात ही गाडी. नातेवाईक म्हणायचे, नाकापेक्षा मोती जड. या दोघांना त्याची पर्वा नव्हती. सुटीच्या दिवशी पहाटे निघायचे, वळणावळणाच्या रस्त्याने धरणापर्यंत जायचे, डब्यातलं खायचे आणि परत यायचे. तो गाडी चालवता चालवता अखंड बोलायचा, ती वाऱ्यात अर्धं ऐकायची आणि अर्ध्याला नुसतीच हसायची. मग लेक झाली. दोन सीटांत तिघं मावेनात, आणि गाडीवर ताडपत्री पडली. आता लेक लग्न होऊन दुसऱ्या देशात होती. निवृत्तीच्या संध्याकाळी सत्काराचा नारळ टेबलावर ठेवता ठेवता ते म्हणाले होते, आता काय करायचं? ती म्हणाली, "गाडी काढा. आता परत दोघंच आहोत."

काटेसाहेब हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. एकतीस वर्षं ते वजनमापं तपासायच्या खात्यात होते आणि हे नाव बाजारातल्या दुकानदारांनी पाडलं होतं. ते कोपऱ्यावर दिसले की बाजारभरचे काटे आपोआप खरं बोलायला लागत. पाच ग्रॅमची चूक त्यांना काटा हलण्याच्या पद्धतीवरून कळायची. माणसांच्या बाबतीत हे कसब चालत नाही, पण ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पहिले तीन महिने छान गेले. खरंच छान गेले, आणि हे मुद्दाम सांगायला हवं. त्यांनी इंजिन उतरवलं, तिने पत्र्यावरचा गंज घासला. हात काळे, नखं काळी, दुपारचा चहा गॅरेजातच. बाजूच्या सीटचं काम तिने कोणाला करू दिलं नाही. जुनं चामडं उसवून काढलं, आत नवा फोम भरला, तपकिरी चामड्याचे तुकडे बेतले आणि जाड सुईने टाका टाका घालत पंधरा दिवस बसली. बोटांना भोकं पडली. सीट तयार झाली तेव्हा ती गॅरेजच्या फरशीवर ठेवून तिच्यावर बसली आणि हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"धरणापर्यंत आलो," ती म्हणाली.

मग काटेसाहेबांना त्या शर्यतीची बातमी कळली. जुन्या गाड्यांची चढावरची शर्यत. सात किलोमीटरचा घाटरस्ता, एकेक गाडी सोडायची, वेळ मोजायची. अशा शर्यतीत हलकी गाडी पुढे जाते हे कोणालाही कळतं, पण काटेसाहेबांच्या ते डोक्यातच शिरलं. वजन हा त्यांचा प्रांत. ते खात्यातल्या ओळखीने चार सपाट इलेक्ट्रॉनिक काटे घेऊन आले, लाकडी पेटीतली आपली प्रमाणित वजनं ठेवून प्रत्येक काटा स्वतः तपासला, गॅरेजची फरशी पातळी बघायच्या पाण्याच्या नळीने समतल करून घेतली आणि चारही चाकांखाली एकेक काटा सरकवला. सहाशे एक्कावन्न किलो. सहाशेच्या आत आणायची, असं त्यांनी ठरवलं.

स्टेपनी गेली. बंपर गेले. हीटर, रेडिओ, तळातले गालिचे गेले. दारांच्या आतल्या पत्र्याला त्यांनी ड्रिलने भोकं पाडली, एकेका दारातून आठशे ग्रॅम काढले आणि तो चुरा डब्यात भरून वजन करून बघितला. बायको बघत होती. सुरुवातीला थट्टा करायची. "दात काढून ठेवा तुमचे, तेवढेच हलके व्हाल." मग थट्टा कमी झाली. गालिचे तिने घरात नेऊन पलंगाखाली ठेवले.

गाडी सहाशे चारवर येऊन अडली.

त्या आठवड्यात मिस्त्री आला. हा या गाड्यांतला जुना जाणता माणूस, कमी बोलणारा. चार चाकांवर भार सारखा वाटायचं काम त्याचं. स्प्रिंगांखालची कडी फिरवून तो चाकांवरचा भार कमीजास्त करायचा, डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारतात तसंच, फक्त फार बारकाईने. त्याच्या कामाची रीत ठरलेली होती. कड्याला हात लावण्याआधी तो दोन आकडे विचारायचा, एक चालवणाऱ्याचा आणि एक शेजारी बसणाऱ्याचा. तेवढ्या वजनाची वाळूची पोती त्या त्या जागी ठेवायचा आणि मगच भार वाटायचा. गाडीला आपली माणसं आधी कळली पाहिजेत, असं तो म्हणायचा.

"साहेब, तुमचं किती?"

"एकाहत्तर."

त्याने पोती भरून चालकाच्या जागी ठेवली. "आणि शेजारी किती धरू?"

बायको दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं. "वहिनींचं किती?"

"चोपन्न," ती म्हणाली.

"शेजारी शून्य धरा," काटेसाहेब म्हणाले. ते काट्याचा आकडा वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही. "शेजारी कोणी नाही."

मिस्त्रीने हातातलं पोतं खाली ठेवलं. "रिकाम्या जागेला धरून मी गाडी लावत नाही साहेब. निदान सीट तरी काढा. सीट असली की जागा आहे असं होतं."

"काढतो की. अकरा किलोची आहे ती."

बायकोने ट्रे स्टुलावर ठेवला. एक कप मिस्त्रीला दिला, एक त्यांना दिला आणि तिसरा तसाच उचलून आत घेऊन गेली. मिस्त्रीने सीटचे चार बोल्ट सोडले, सीट भिंतीला टेकवून ठेवली आणि संध्याकाळपर्यंत भार लावून दिला. जाताना म्हणाला, "शून्य धरलंय बरं का, साहेब." मग फाटकातून वळून तेच पुन्हा म्हणाला; एकच वाक्य त्याला दोनदा बोलताना काटेसाहेबांनी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोती उतरवून नुसत्या गाडीचं वजन घेतलं. सहाशे चारातून अकरा गेले, पाचशे त्र्याण्णव यायला हवे होते. आले पाचशे पंचाण्णव.

दोन किलो जास्त, आणि दोन्ही शेजारच्या बाजूच्या चाकांवर. त्यांनी काटे शून्यावर आणले, पुन्हा वजन केलं. काट्यांची अदलाबदल केली. प्रमाणित वजनांची पेटी काढली. काटे बरोबर होते. गाडीत पाणी साचलंय का, कुठे हत्यार राहिलंय का, म्हणून हात घालून तळ चाचपला. काही नव्हतं. त्याच्या पुढल्या दिवशी पाचशे अठ्ठ्याण्णव झाले.

एकतीस वर्षांत अशा लबाड्या त्यांनी ढीगभर पाहिल्या होत्या. काट्याखाली चुंबक, वजनाच्या पोटात लाकूड. लबाडी असेल तर तिच्यामागे माणूस असतो. इथे गॅरेजची किल्ली त्यांच्याच खिशात होती. ते चिडले. भीती वगैरे काही वाटली नाही, नुसती चीड आली, कारण आकडा ऐकत नव्हता.

घरातलं त्यांच्या उशिरा लक्षात आलं. त्यांच्या घराच्या लाकडी जिन्याची तिसरी पायरी कुरकुरायची. कोण वर चाललंय हे तिच्यावरून कळायचं, त्यांच्या पायाखाली ती खेकसायची आणि बायकोच्या पायाखाली नुसती कण्हायची. एका दुपारी ते जिन्याखाली बसून बोल्ट पुसत होते. बायको वरून उतरली आणि समोर येऊन उभी राहिली तेव्हाच ते दचकले.

"केव्हा आलीस?"

"आत्ताच तर आले तुमच्या डोळ्यांसमोरून."

त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. चेहरा तोच, भरलेला. दंड तसेच. ब्लाऊज कुठे सैल झालेला नव्हता. ती सोफ्यावर बसली आणि गादी दबली नाही.

"चल, वजन करू तुझं," ते म्हणाले.

"आता माझं? गाडीचं संपलं वाटतं."

पण ती न्हाणीघरातल्या काट्यावर उभी राहिली. एक्केचाळीस.

ती उतरली आणि परत उभी राहिली, आकडा तोच. मग ती म्हणाली, "बिघडला असेल." तो काटा त्यांनी गेल्याच महिन्यात तपासला होता.

डॉक्टरांनी नाडी बघितली, रक्त तपासलं, छातीला नळी लावली. काही निघालं नाही. त्यांच्या काट्यावर चाळीस आले. डॉक्टरांनी बाईंच्या भरल्या दंडाकडे बघितलं, काट्याला बुटाने हलकेच ढोसलं आणि म्हणाले, "आमचा काटा मेला वाटतं. काटेसाहेब, तुम्हीच बघा जरा." बायको हसली. काटेसाहेब हसले नाहीत. सकाळी त्यांनी गाडीचं वजन केलं होतं आणि ते सहाशे सात होतं. चौदा जास्त. चाळीस आणि चौदा, चोपन्न.

त्यानंतर ते रोज दोन वजनं करू लागले. सकाळी गॅरेजात गाडीचं आणि नाश्त्याआधी बायकोचं. ती निमूट काट्यावर उभी राहायची आणि आकडा बघायची नाही. बेरीज एकदाही चुकली नाही, शंभर ग्रॅमनेसुद्धा नाही. इतका प्रामाणिक व्यवहार त्यांनी सबंध नोकरीत पाहिला नव्हता.

आता जे सांगायचं ते काटेसाहेबांच्या बाजूने सांगता येत नाही. गाडी सुधारत चालली होती. एकट्या चालकाची गाडी त्याच्याच बाजूला झुकते, मिस्त्रीने कितीही कडी फिरवली तरी थोडं अंतर राहतंच. आता दुसऱ्या बाजूला भार येत होता आणि ते अंतर रोज थोडं थोडं मिटत होतं. ते चढाच्या रस्त्यावर सरावाला जायचे तेव्हा गाडी वळणाला अशी चिकटून फिरायची की त्यांना लहान मुलासारखा आनंद व्हायचा. सहाशेच्या आत आणायची जिद्द ते विसरूनच गेले. घरी येऊन ते मनापासून जेवायचे.

लेकीचा फोन आला. "आई कशी आहे? आवाज फार बारीक येतो तिचा."

"मजेत आहे," ते म्हणाले. "हलकीफुलकी."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःची शिसारी आली. पण शब्द तोंडातून गेला होता आणि स्वयंपाकघरात बायकोने तो ऐकला होता.

शर्यतीच्या आठ दिवस आधी ती गॅरेजात आली. त्या सकाळी तिचं वजन सत्तावीस आणि गाडीत सत्तावीस जास्त, बरोबर निम्मंनिम्म. दाराला धरून ती भिंतीशी टेकवलेल्या सीटकडे बघत होती. पायात तिने त्यांचे जुने कामाचे बूट घातले होते, लोखंडी टाचेचे.

"हे कशाला?" त्यांनी विचारलं.

"बरं वाटतं. पाय टेकतात." मग ती म्हणाली, "अहो, सीट परत बसवा."

हे तिने जितकं साधेपणाने सांगितलं, तितक्या साधेपणाने तिने आयुष्यात फार थोड्या गोष्टी मागितल्या होत्या. काय चाललंय ते तिला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. चार बोल्टांचं काम, फार तर वीस मिनिटांचं.

"बसवतो," ते म्हणाले. "शर्यत तेवढी होऊ दे. आता सीट बसवली तर मिस्त्रीने लावलेलं सगळं बिघडेल. रविवारी संध्याकाळी आल्याआल्या बसवतो, शप्पथ."

"रविवारी."

"आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

"बरं," ती म्हणाली. तिने वाद घातला असता तर त्यांनी कदाचित ऐकलं असतं. असं ते नंतर स्वतःला पुष्कळदा सांगत, पण ते खोटं होतं.

त्या आठ दिवसांत तिने घरातली कामं सोडली नाहीत. फक्त बादली उचलणं बंद केलं, कारण बादली उचलायला गेली की बादली जागेवर राहायची आणि तीच तिच्याकडे ओढली जायची. झोपताना ती पांघरुणाच्या कडा गादीखाली खोचून घ्यायची. शुक्रवारपासून तिने काट्यावर उभं राहायला नकार दिला.

"गाडीचं करा की," ती म्हणाली. "वजाबाकी तुम्हाला येते."

रविवारी सकाळी त्यांनी ती वजाबाकी केली नाही. गाडी गॅरेजातून काढताना शेजारच्या बाजूचं चाक उंबऱ्यावरून जडपणे उतरलं तेवढं त्यांना जाणवलं. बायको खालच्या खिडकीत होती. तिने हात हलवला नाही, दोन्ही हातांनी गज धरले होते.

शर्यत त्यांनी जिंकली. त्यांच्या गटात सगळ्यात कमी वेळ, दुसऱ्या नंबरापेक्षा अकरा सेकंदांनी कमी. सात किलोमीटर त्यांना रस्ता दिसलाच नाही, हात आपोआप फिरत होते, गाडी प्रत्येक वळणावर चारही चाकांवर सारखी बसत होती आणि वारा थेट तोंडावर येत होता. वर पोचून इंजिन बंद केल्यावर त्यांचा घसा कोरडा पडलेला होता. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की खालपासून वरपर्यंत आपण अखंड बोलत होतो.

काय बोललो ते मात्र आठवेना.

मिस्त्री तिथे आला होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, शेजारच्या बाजूला वाकला, चाकावरच्या स्प्रिंगकडे बघितलं. ती बरीच दबलेली होती. त्याने रिकाम्या जागेकडे बघून नकळत हात जोडले, आणि जोडलेले लक्षात येताच खाली घेतले.

"वहिनी कुठे आहेत, साहेब?"

"घरी."

"मग घरी जा," मिस्त्री म्हणाला.

बक्षिसाचा कप न घेताच ते निघाले. पोचले तेव्हा अजून ऊन होतं. गाडी गॅरेजात काट्यांवर चढवली, हत्यारांचा डबा ओढला, भिंतीला टेकवलेली सीट उचलली. उचलताना त्यांच्या अंगठ्याखाली तिचे टाके आले, एकसारखे, घट्ट. वरातीमागून घोडं. पण घोडं निदान निघालं तरी, असं ते स्वतःशी पुटपुटत होते.

पहिला बोल्ट बसला. दुसरा बसला.

तिसरा आडवा गेला, काढून परत बसवला.

चौथा बोल्ट आवळून होतोय तोच सीटची गादी खाली गेली. सावकाश, आवाज न करता, कोणी दमून बसावं तशी. चामडं ताणलं आणि मधल्या शिवणीचे टाके उघडे दिसायला लागले.

त्यांनी काट्यांकडे बघितलं. सहाशे अठ्ठावन्न. पाचशे त्र्याण्णव, अकरा, आणि उरलेले.

त्यांनी बेरीज पुन्हा केली. ती बरोबर होती.

"अगं," त्यांनी हाक मारली. "अगं, ये. सीट बसवली."

ती आली. दाराची चौकट, मग टेबल, मग गाडीचा पत्रा, असं एकेक धरत आली. लोखंडी टाचा फरशीवर वाजत होत्या, पण तो आवाज नुसत्या बुटांचा होता.

"बस," ते म्हणाले. "बस ना. लगेच जाऊ. धरणापर्यंत जाऊ."

तिने सीटकडे बघितलं. पंधरा दिवस बसून शिवलेल्या सीटकडे ती बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बसमध्ये आपल्या राखीव जागेवर दुसरंच कोणी बसलेलं दिसलं की माणूस जसा बघतो, तशी ती बघत होती.

"अहो, जागा कुठे आहे?" ती म्हणाली.

आणि जशी आली तशी, एकेक धरत, परत गेली.

काटेसाहेब तिथेच गुडघ्यांवर बसून राहिले. मग त्यांनी पाना घेतला आणि बोल्ट सोडायला लागले. सीट निघाली. काट्यावरून अकरा किलो गेले, बाकीचे राहिले. त्यांनी सीट परत बसवली. परत काढली. तिच्या जागी स्वतः बसून बघितलं, हात फिरवून बघितला, बोलून बघितलं, शेवटी रडून बघितलं. चोपन्न किलो चोपन्नच राहिले.

बाहेर वारा सुटला होता. गॅरेजचं दार एकदा आपटलं, तेव्हा ते उठले आणि धावत घरात गेले.

जिन्यावर बूट होते, तिसऱ्या पायरीवर, शेजारी शेजारी काढून ठेवलेले.

ती वरच्या खोलीत होती. जेवणाच्या टेबलाची जड लाकडी खुर्ची तिने कधीतरी त्यांच्याकडून वर आणून घेतली होती, तिच्या मागे ती उभी होती, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून. वरच्या खिडकीला गज नव्हते, तिचे पडदे खोलीच्या मध्यापर्यंत उडत होते. तिचे केस एकाच दिशेला गेले होते.

"माफ कर," ते दारातूनच म्हणाले.

"ते नंतर," ती म्हणाली. आवाज शांत होता, पण ती भरभर बोलली. "आधी ती खिडकी लावा."

बोट दाखवायला तिने एक हात सोडला होता. तो तिने घाईने परत खुर्चीला लावला.